पाठीशी चूल

दिवाळी अंकासाठी काहीतरी 'थंडगार' लिहा, असे संपादकांचे फर्मान आले आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांना दिवाळी म्हटले की पहाटेचा गारठा, उटण्याचा वास आणि बंबातले कढत पाणी आठवत असेल. आम्हां नंदुरबारकरांना आठवते ती मिरची. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरचीचे गालिचे पसरू लागतात. वारा तिकडून फिरला की वर्गात शिंका सुरू होतात आणि मुलांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. ते पाणी माझ्या करुणरसाच्या विवेचनामुळे येते, असा माझा कित्येक वर्षे गोड गैरसमज होता.

मिरची वाळते ती इथल्या उन्हाने. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जाऊन बसतो आणि पाहुणे परतीच्या गाडीची चौकशी करू लागतात. अशा गावच्या माणसाला थंडगार लिहायला सांगणे ही थट्टाच. पण एका परीने संपादकांनी माणूस बरोबर निवडला. ज्याला गारवा फुकट मिळतो त्याला त्याची काय मातब्बरी?

तर वाचकहो, गोष्ट आहे मागच्या मे महिन्यातली. माझा भाचा सुट्टीला आला. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पूर्वी मामाच्या गावाला आलेली मुले आंबे खात, विहिरीत डुंबत, पत्ते कुटत. हा मुलगा आला तो एक लॅपटॉप, एक करपलेला हातमोजा आणि पत्र्याचे दोन तुकडे घेऊन. आमच्या सौभाग्यवतींनी ते तुकडे भंगाराच्या पिशवीत टाकले, तेव्हा त्याने असा आकांत मांडला की घराण्याचे दागिनेच चोरीला गेले असावेत.

मग उलगडा झाला तो असा. त्याच्या कॉलेजातली पंचवीस मुले मिळून एक शर्यतीची गाडी बनवतात. अशा गाड्यांची 'बाहा' नावाची स्पर्धा आपल्या देशात २००७ साली सुरू झाली, ती मध्य प्रदेशात पीथमपूरला. पीथमपूर म्हणजे आम्हाला काही परमुलूख नव्हे. शहाद्यावरून खेतिया, सेंधवा करीत आग्रा रोडला लागावे, इंदूरच्या अलीकडे ते येते. पेट्रोलवरच्या गाडीला दहाएक अश्वशक्तीचे लहानसे इंजिन, भोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा, आत एकटा चालक. चिखल, दगड, चढ-उतार यांतून चार तास गाडी हाकायची. जी टिकेल ती खरी.

"मामा, वेगाचं आम्ही बघून घेऊ. आमची अडचण आहे उष्णतेची," तो म्हणाला.

एप्रिलमध्ये जुन्या गाडीवर सराव चालला होता. भर दुपारी, कॉलेजच्या मागच्या मैदानात. तासाभराने गाडी एकाएकी वळण सोडून सरळ गेली आणि मातीच्या ढिगाऱ्यात घुसली. चालकाला चक्कर आली होती. लागले कुठेच नाही, पण पुढचे दोन दिवस त्या मुलाचे डोके दुखत होते.

"चालक कोण?" मी विचारले.

"आहे एक मित्र," भाचा म्हणाला आणि लॅपटॉपमध्ये तोंड घातले.

पुढचे चार दिवस आमच्या घरात उष्णता या एकाच विषयाचे पारायण चालले. उष्णता तीन वाटांनी येते, हे मी शाळेत शिकलो होतो: वहन, अभिसरण आणि प्रारण. मला त्यांतले शब्द तेवढे आवडले होते. अर्थ आता कळला. तव्याला हात लागला की चटका बसतो, ते वहन. तव्यावरची वाफ तोंडावर येते, ते अभिसरण. आणि तव्याला न शिवता, नुसता हात जवळ नेला तरी धग लागते, ते प्रारण. शर्यतीच्या गाडीत चालकाच्या पाठीमागे इंजिन असते. या तिन्ही वाटांनी ते त्याच्याकडे येत असते आणि बिचाऱ्याला मागे वळून बघायचीही सोय नसते.

बरे, माणसाचे शरीर हेही एक इंजिनच. कष्ट केले की अन्नातल्या शक्तीचा मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ती घालवायला निसर्गाने घाम दिला. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आपला माठ दुसरे काय करतो? पाझरतो, वाळतो आणि गार होतो. आमच्याकडची हवा कोरडी म्हणून आमचा माठ मुंबईच्या माठापेक्षा गार. खानदेशात गर्व करावा अशा ज्या थोड्या गोष्टी आहेत त्यांतली ही एक. परंतु शर्यतीच्या चालकाला आग न धरणारा जाड पोशाख, हातमोजे, शिरस्त्राण, सारे चढवावे लागते. त्यात घाम येतो, पण वाळत नाही. म्हणजे बाहेर नंदुरबार आणि पोशाखाच्या आत मुंबई! माठाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळावी तशातली गत.

"ही काय आजकालची गोष्ट आहे?" म्हणत भाच्याने मला १६ जानेवारी १९५५ च्या ब्यूनोस आयरेसला नेले. तिकडे जानेवारीत उन्हाळा. तीन तासांची शर्यत. चालक एकामागून एक गाडीतून उतरून सावलीत आडवे होत होते आणि दुसरा कोणीतरी त्यांची गाडी पुढे नेत होता. स्टर्लिंग मॉससारखा खंदा गडी उन्हाने खाली बसला. शेवटपर्यंत एकट्याने गाडी चालवणारे निघाले दोघेच: हुआन मान्युएल फांजिओ आणि रोबेर्तो मिएरेस. दोघेही तिथलेच, अर्जेंटिनाचे. फांजिओ जिंकला, पण तापलेल्या सांगाड्याला लागून त्याचा पाय भाजून निघाला होता.

"घरचं ऊन घरच्याला सोसतं," मी अभिमानाने म्हणालो. जणू फांजिओ आमच्या तळोद्याचाच.

"आणि मामा, ८ ऑक्टोबर २०२३ ला कतारमध्ये काय झालं? तिथली शर्यत तर रात्री होती." अमेरिकेच्या सार्जंटने शर्यत अर्ध्यात सोडली. फ्रान्सच्या ओकोंला धावत्या गाडीत, शिरस्त्राणाच्या आतच उलटी झाली. तशाच स्थितीत त्याने शर्यत पुरी केली. दोनदा जगज्जेता झालेला आलोन्सो रेडिओवरून विनवीत होता की बैठक भाजते आहे, थांब्यावर अंगावर पाणी तरी ओता.

सौभाग्यवती इतका वेळ भाजी निवडीत ऐकत होत्या. "मग यावर उपाय काय करतात?" त्यांनी विचारले. भाच्याने उपाय सांगितले, त्यात एक असा होता की घरातली शांतताच भंगली. इंग्लंडच्या मॅक्लारेन कंपनीने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात एक गाडी काढली होती. तिच्या इंजिनाच्या कप्प्याला आतून चक्क सोन्याचा वर्ख लावला होता, कारण धग परतवून लावण्यात सोन्याचा हात धरणारे थोडे. "बघा!" सौभाग्यवती माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लोक गाडीच्या इंजिनाला सोनं घालतात." मी घाईने विषय माठाकडे वळवला.

सोन्याचा विषय त्या दिवशी कसाबसा टळला. गाडीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. तो हातात घेतला आबांनी.

आबा आमच्या गल्लीतच राहतात. वय सत्तरीच्या पुढे. तीस वर्षे त्यांनी सुरत-नागपूर रस्त्यावर मालट्रक चालवला. रात्री जेवणे झाली की ते आमच्या ओट्यावर येतात, अडकित्ता काढतात आणि जगाची चौकशी करतात. भाच्याने त्यांना मोबाइलवर गाडीची छायाचित्रे दाखवली. आबांनी चष्मा वर सरकवला, मोबाइल नाकाशी धरला आणि पहिलाच प्रश्न केला:

"पोरा, हवा येस कोठून आनि जास कोठे?"

भाच्याला अहिराणी येत नाही, पण प्रश्न कळला. तो म्हणाला, "गाडी उघडीच आहे की, आबा. समोरून वारा येतो."

"पळते तेव्हा येतो. चढावर?"

भाचा गप्प झाला. आबांनी मग कोंडाईबारीचा घाट काढला. धुळ्याकडून विसरवाडीकडे येताना हा घाट लागतो. "घाटात गाडी बैलासारखी चालते. वारा बंद. पण इंजिनाला सगळ्यात जास्ती काम तेव्हाच. आग दुप्पट आणि हवा शून्य. माणूस भाजतो तो पळताना नाही भाजत, चढताना भाजतो." शर्यतीच्या चढावर त्यांची गाडी चालण्याच्या वेगाने जाते आणि चक्कर आली ती चढ संपता संपता, हे भाच्याला तेव्हा आठवले.

आबांच्या वेळी ट्रकची केबिन गावातला सुतार-लोहार बांधून द्यायचा. इंजिनाचा उंचवटा चालकाच्या बगलेतच. आबांनी तिथे काय काय केले होते ते त्यांनी बोटांवर मोजून सांगितले. पायाखाली लाकडी फळी, म्हणजे तळव्याला पत्रा लागायचा नाही. गोडेतेलाचा डबा फोडून त्याचा चकचकीत पत्रा इंजिनाच्या बाजूने ठोकला होता, डबा आणि फळी यांच्यात बोटभर जागा सोडून. क्लच-ब्रेकच्या दांड्या जिथून खाली जातात ती भोके चामड्याने आणि चिंध्यांनी बुजवली होती. "भोक पैशाएवढं असतं, पण त्यातून भट्टीचा फुंकर येतो." केबिनच्या मागच्या फळीत वरच्या अंगाला एक झरोका पाडला होता, नुसती पुढची काच उघडून वारा आत शिरत नाही, त्याला बाहेर जायला वाट लागते. आणि सर्वांत वर, म्हणजे डोक्यावर, ओला पंचा.

मी मनात मोजले. फळी म्हणजे वहन. भोके आणि झरोका म्हणजे अभिसरण. डब्याचा पत्रा म्हणजे प्रारण. इथे सोन्याऐवजी गोडेतेलाचा डबा, एवढाच काय तो फरक. ओला पंचा म्हणजे माठ. आमचे आबा चौथीच्या पुढे शिकलेले नाहीत, आणि मी दोन वर्षे घासून एम.ए. झालो तरी मला कोणी विचारले नव्हते की हवा जाते कुठे.

मग आबांनी बोट छायाचित्रावर टेकवले. "हे बघ. तुझी बैठक मागच्या पत्र्याला चिकटलीय. आणि पत्र्यापलीकडे इंजिन. अरे, चुलीला पाठ लावून कोणी बसतं का?"

इंजिन आणि चालक यांच्यामध्ये धातूच्या पत्र्याचा आडोसा असलाच पाहिजे, असा त्या स्पर्धेचा नियम आहे. भडका उडाला तर चालक वाचावा म्हणून तो. मुलांनी आडोसा नियमाप्रमाणे घातला होता. फक्त बैठक त्यालाच टेकवली होती आणि तारा नेण्यासाठी पाडलेली दोन भोके उघडी राहिली होती. भाच्याने कागद ओढून घेतला. बैठकीमागे दोन बोटे जागा. भोकांना आग न धरणारी बुचे. चिंध्या चालणार नाहीत, त्या पेट घेतील. आडोशाच्या इंजिनाकडच्या अंगाला चकचकीत ॲल्युमिनियम. तो भराभर लिहीत होता आणि आबा सुपारी कातरीत होते.

"आता एक गोष्ट राहिली," आबा म्हणाले. "ती तुझ्या कागदावर मावायची नाही."

ती गोष्ट त्यांनी आजवर आम्हाला सांगितली नव्हती. एका मे महिन्यात लोखंड भरून ते घाट चढत होते. दुपारचे दोन. ओला पंचा केव्हाच वाळून कडक झाला होता. "मला काही होत नव्हतं, सर. उलट बरं वाटत होतं. घाम थांबला होता, तर म्हटलं, चला, ऊन उतरलं. डोकं एकदम हलकं. समोर वळण होतं आणि मला रस्ता सरळ दिसत होता. चांगला रुंद, सरळ रस्ता." शेजारी बसलेला क्लीनर पंधरा-सोळा वर्षांचा. त्याने आबांच्या तोंडाकडे पाहिले, हाक मारली. आबांनी त्याला भलत्याच नावाने उत्तर दिले, स्वतःच्या मेलेल्या भावाच्या नावाने. तेव्हा त्या पोराने आडवे होऊन स्टिअरिंग ओढले आणि ओरडून ओरडून ब्रेक दाबायला लावला. ट्रक दरडीला घासून थांबला. रेडिएटरसाठी ठेवलेले डबाभर पाणी पोराने आबांच्या अंगावर ओतले आणि गोणपाटाने वारा घातला.

"वर मी त्यालाच थोबाडीत मारली," आबा म्हणाले. "ट्रकला ओरखडा पडला म्हणून. मला कळलंच नव्हतं ना काही. तासाभरानं कळलं. मग मी त्याचे पाय धरायला गेलो, तर ते पोर रडायला लागलं."

कोणीच काही बोलेना. नंतर भाचाच बोलू लागला, हळू आवाजात. "त्यालाही असंच झालं होतं, आबा. आधी गरम होत होतं, मग एकदम बरं वाटलं. ध्वज दाखवत होते मुलं, ते दिसत होतं, पण तो कशासाठी दाखवतात ते आठवेना. ब्रेक डाव्या पायानं की उजव्या, तेच मला उमगेना, आणि समोर…"

तो थांबला. मी वीस वर्षे मुलांच्या वह्या तपासतो. मध्येच 'तो' चा 'मी' झाला तर लाल शाईने खूण करतो. त्या रात्री केली नाही. आबांनी कातरलेली सुपारी त्याच्यापुढे धरली, जशी बरोबरीच्या माणसापुढे धरावी.

"सांगितलं का नाहीस कोणाला?" मी थोड्या वेळाने विचारले.

"सांगितलं तर चालकाची जागा दुसऱ्याला देतील. आणि आईला कळलं तर गाडीच बंद."

मला वाटते, उन्हाबद्दलची आपली सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आपण समजतो की ऊन माणसाची ताकद नेते. ताकद नंतर जाते. आधी जाते ती अक्कल. शरीर चाळिशीच्या वर तापले की मेंदू भरकटतो, आणि जो भरकटतो त्यालाच विचारले तर तो सांगतो, मी ठीक आहे. डॉक्टर सांगतात ते हेच: उन्हात राबणारा माणूस असंबद्ध बोलू लागला तर त्याच्याशी वाद घालू नका, सावलीत न्या, अंगावर पाणी घाला, वारा घाला आणि तडक दवाखाना गाठा. पण हे करायला शेजारी कोणीतरी हवा. आणि त्या कोणाला तरी थोबाडीत बसणार नाही, याची हमी हवी.

मोठ्या शर्यतींनाही ही समज कतारनंतरच आली. आता नियम असा आहे की उष्णता आणि दमटपणा यांचा एकत्रित अंक ३१ अंशांच्या वर जाणार असे दिसले की उष्म्याचा धोका जाहीर करतात आणि गाडीत गारव्याची यंत्रणा असावीच लागते. बंडीत बारीक नळ्या शिवलेल्या असतात, त्यांतून गार द्रव फिरत राहतो. असा धोका पहिल्यांदा जाहीर झाला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये सिंगापूरला. त्या वर्षी बंडी घालणे मात्र चालकाच्या मर्जीवर होते. मर्जीवर सोडले की काय होते ते कोंडाईबारीने पाहिले आहे.

आबांच्या जातभाईंसाठीही उशिरा का होईना, एक नियम झाला. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन असलेच पाहिजे, असे केंद्र सरकारने ठरवले. मी ही बातमी आबांना वाचून दाखवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि आधी बनलेले?" जुने ट्रक आणखी कित्येक वर्षे आमच्या महामार्गावरून विसरवाडी, नवापूर करीत सुरतेला जातच राहणार. त्यांच्या केबिनमधल्या ओल्या पंच्याला पर्याय नाही. रस्त्यावरच्या धाब्याजवळ असा कोणी घाम पुसत उतरलेला दिसला, तर आपल्या गाडीची काच खाली करून बाटलीभर पाणी पुढे करण्याला मात्र सरकारी नियम लागत नाही.

भाचा परत गेला तो कागद घेऊन. बैठक दोन बोटे पुढे आली, भोके बुजली, चकचकीत पत्रा लागला. पुढच्या सरावात पाठीला धग लागली नाही म्हणे. पण त्यांच्या गटाने केलेला खरा बदल वेगळाच आहे. सराव आता सकाळी होतो. दर वीस मिनिटांनी गाडी थांबवतात, चालकाला पाणी पाजतात आणि सतराचा पाढा म्हणायला लावतात. जो अडखळला तो खाली उतरतो. त्याची जागा जात नाही, फक्त त्या दिवसापुरती दुसऱ्याला मिळते. हे ऐकून आबा खूश झाले. भाचा मात्र म्हणाला, "मामा, घोटाळा एवढाच आहे की सतराचा पाढा मला हिवाळ्यातसुद्धा येत नाही."

हा लेख छापून येण्याआधी आईला सगळे सांग, नाहीतर तिला ते दिवाळी अंकात वाचावे लागेल, असे मी त्याला बजावले होते. त्याने गणपतीत सांगितले. माझी बहीण त्याला काही बोलली नाही. माझ्याशी मात्र चार दिवस बोलली नाही, कारण मला ते मे महिन्यापासून ठाऊक होते.

आता भाऊबीजेला ती येते आहे. सौभाग्यवतींनी सोन्याच्या वर्खाची आठवण नव्याने काढली आहे. आबांनाही जेवायला बोलावले आहे. बहिणीला त्यांना काही विचारायचे आहे म्हणे. काय ते मला सांगायला ती तयार नाही. तेव्हा येत्या भाऊबीजेला माझ्या पाठीशीही एक लहानशी चूल असणारच. दोन बोटे जागा सोडून बसेन म्हणतो.